ओला सांधा

कुताइसीच्या विमानतळाला नवं अंग फुटतंय.
जुन्या इमारतीच्या बगलेतून काच पुढे सरकते
आणि मक्याच्या शेताशी जाऊन थांबते.
तारेपलीकडे कुणाची तरी गाय रवंथ करत
आमच्याकडे बघते. रोज, तीच.

मी फरश्या बसवतो,
आंतरराष्ट्रीय बाजूला, गेट सात ते अकरा.
साठ बाय साठची करडी फरशी.
पाणसळ ठेवायची, बुडबुडा मधोमध येईतो थांबायचं,
मग रबरी हातोडीने चारी कोपरे.
भरीव वाजली तर पुढची.
पोकळ वाजली तर उचला, मसाला खरवडा, पुन्हा.
मुकादम यूजेल तुर्कस्तानचा, त्याला आमची भाषा येत नाही,
पण पोकळ आवाज दोनशे पावलांवरून कळतो.

जुन्या दालनात निरोप द्यायला चार पावलं जागा होती.
नव्यात चारशे माणसं मावतील.
एवढी रडणारी माणसं आणायची कुठून,
असं मुर्मान म्हणतो, सिमेंट कालवताना.

मंगळवारी विजेवाल्यांनी नवा फलक लावून पाहिला.
आधी नुसते चौकोन आले, मग आकडे,
मग इथून कधीच न सुटलेली गावं:
लार्नाका. व्रोत्स्वाफ. बारी.
बारी, मंगळवार आणि शनिवार,
तीन तास दहा मिनिटं.
हातोडी हातातच राहिली.

लामारा, तू गेलीस तेव्हा
बसचे तीन दिवस लागले होते, वर बोटीची एक रात्र.
चार वर्षांच्या एलिकोने तुझ्या पिशवीत
तिचा एक बूट टाकला होता.
एकच. म्हणजे तो तुला परत आणावा लागेल.
दुसरा अजून कपाटावर आहे.
पोरीचा पाय आता माझ्याएवढा झालाय.

आधी कागद नव्हते.
आलीस तर परत जाता येणार नाही,
आणि तिथे नसलीस तर घराला छप्पर होणार नाही.
छप्पर झालं.
मग कागद आले, तर तिकीट महिन्याचा पगार गिळणारं,
दोनदा विमान बदलायचं.
आपण दोघं त्या तिकिटाला शिव्या घालायचो,
एकमेकांना नाही.
अंतराने आपली केवढी लाज राखली होती
ते फलकाखाली उभं राहून कळलं.

रात्री फोन केला.
तू म्हणालीस, मंगळवारी व्हितो आजोबांची अंघोळ असते.
मी म्हटलं, शनिवारीही आहे.
तू बोलली नाहीस.
मागे त्यांची काठी वाजली,
तू त्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलंस,
इतकं सहज, इतकं हळू
की शब्द न कळूनही मी फोन कानापासून दूर धरला,
दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखा.

एलिकोने विचारलं, काय म्हणाली?
मी म्हटलं, यंदा आलुबुखार किती लागलेत ते विचारत होती.
खोटं नव्हतं ते.
ठेवताना तू तेच विचारलंस.

आज गेट सातपाशी सांधे भरले.
पांढरा मसाला बोटाने आत दाबायचा,
जास्तीचा ओल्या फडक्याने पुसायचा.
घाई केली की तडा जातो, हे बापाने शिकवलं.
त्याने उभ्या जन्मात विमान आतून पाहिलं नाही.
मीही नाही.
मग दोन खुर्च्या, मध्ये पिवळी फीत,
आणि यूजेलचा पुठ्ठा, चार भाषांत, दोन चुकांसकट:
उद्यापर्यंत पाऊल टाकू नये.

ओला सांधा कोरड्यासारखाच दिसतो.
बोट लावल्याशिवाय कळत नाही,
आणि लावलं की खूण राहते.

मी गुडघे झाडले. फलक बंद केलाय.
गाय कधीच घरी गेली.